ब्रेमारच्या जत्रेत घोंगडं

कोरडवाहू शेतकऱ्याला फिरायला न्यायचं असेल तर त्याचे डोळे घरी ठेवून मग न्यावं. बाकीचा माणूस निमूट येतो. डोळे बरोबर आले की ते रस्ता सोडून बांधाबांधानं चालतात. कुठं काय पेरलंय, पाणी कुठून आणलंय, कुंपण कुणाच्या हद्दीत सरकलंय, हे बघण्यातच दिवस जातो आणि ज्यांनी तिकिटाचे पैसे भरलेले असतात त्यांचा जीव जळतो.

लेकीचा आणि जावईबापूंचा असाच जळला. ही दोघं स्कॉटलंडात ॲबर्डीनला असतात. उत्तर समुद्रातल्या तेलावर उभं राहिलेलं हे शहर, आणि जावईबापू त्या तेलाच्याच धंद्यात. आम्ही नवराबायको तिथं पोचल्यापासून एकच टुमणं: "आप्पा, जरा एन्जॉय करा की." आता एन्जॉय करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे काही कुणी सांगेना. घरात बसलो तर "बाहेर पडा", बाहेर पडून शेजाऱ्याच्या परसातलं तण उपटायला लागलो तर "आधी आत या". शेवटी सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी ब्रेमारला हायलँड गेम्स असतात, त्याची तिकिटं काढली. खुद्द राजा येतो म्हणाले. हिनं "माझे गुडघे दुखतात" म्हणून अंग काढून घेतलं. हिचे गुडघे माहेरच्या लग्नाला कधी दुखले नाहीत, पण ते असो.

निघताना पहिली ठिणगी पडली ती घोंगड्यावरून. लेकीनं माझ्यासाठी एक निळा प्लास्टिकचा रेनकोट आणला होता. तो घातला की मी झाकून ठेवलेल्या मोटारसायकलसारखा दिसायचो. मी म्हटलं, माझं म्हसवडचं घोंगडं आहे. विमानात बॅगेचं वजन जास्त भरलं तेव्हा मी चकलीचा डबा काढून ठेवला, पण घोंगडं काढलं नाही. काळ्या लोकरीचं, काठाला पांढरी पट्टी, खड्ड्याच्या मागावर विणलेलं आणि चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलेलं. लेक म्हणाली, "आप्पा, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "तिथले बापये घागरे घालून येणार आहेत, असं तूच सांगितलंस ना?" यावर जावईबापू हसले आणि लेकीनं त्यांच्याकडं असं बघितलं की पुढचे दहा मैल ते नुसती गाडी चालवत होते.

ॲबर्डीन ते ब्रेमार हा रस्ता साठएक मैलांचा, जवळजवळ सगळा डी नदीच्या कडेनं. बँकरी, बॅलटर, मग राजाचं बाल्मोरल. नदी भरून वाहत होती आणि त्या पाण्यावर एकही मोटर टाकलेली नव्हती. लोक कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून गळ टाकत होते. सामन मासा धरायला पैसे भरावे लागतात म्हणे. मला ते बघवेना. माझ्या विहिरीला डिसेंबरात तळ दिसतो. सखल भागात जव कापून झालेला, त्याच्या पेंढ्याचे गोल गठ्ठे रानात पडलेले. मी विचारलं, या जवाचं काय करतात? "व्हिस्की," जावईबापू म्हणाले. मी माळकरी माणूस, गप्प बसलो. पण हमीभाव न मागता एवढं पीक खपतं म्हटल्यावर माळेवरचा हात जरा सैल झाला, हे खरं.

मधेच एका रानात हायलँड जातीच्या गाई दिसल्या. लांब शिंगं, तांबूस केसांचा झुबका पार डोळ्यांवर आलेला, अंगावर केसांचे दोन थर. मी गाडी थांबवायला लावली. आमचा मुलूख खिलारचा. खिलार बैल कसा, पांढराशुभ्र, चिपाड अंगाचा, नजर अशी की मालकानंही जपून जावं. ही गाय बिचारी केसांच्या पडद्याआडून बघत होती. नातवाला म्हटलं, "हिला दिसतं तरी का रे?" तो म्हणाला, "आजोबा, तिला बघण्यासारखं काय आहे इथं?" पोरगं नऊ-दहा वर्षांचं, पण ॲबर्डीनात वाढल्यामुळं त्याचं इंग्रजी तिथल्या लोकांना कळतं आणि त्यांचं त्याला. जावईबापूंना एवढ्या वर्षांनंतरही निम्मंच कळतं. म्हणून दिवसभर दुभाषा तोच होता. दर ठरला: दोन माणसांशी बोलणं झालं की एक आइस्क्रीम.

ब्रेमारला पोचलो आणि माझ्या काळजाचं पाणी झालं. गाड्या लावायला थेट गवताचं रान दिलेलं. हिरवंगार, पोटरीएवढं गवत, आणि त्यावर शेकडो गाड्या! पिवळं जाकीट घातलेला एक जण हसतमुखानं सगळ्यांना आत घालत होता. आमच्याकडं दुसऱ्याच्या कडवळात शेळी गेली तर डोकी फुटतात. मी उतरून चाकाखालचं गवत हातानं उभं करून बघायला लागलो. लेक म्हणाली, "आप्पा, लोक बघतायत." दिवसभरात तिनं हे वाक्य इतक्यांदा म्हटलं की शेवटी नातूही मला तेच म्हणायला लागला.

मैदान गोल, चहूबाजूंनी डोंगर, आणि पाऊस. पाऊस म्हणजे आपला पाऊस नव्हे. आपला येतो तेव्हा सांगून, वाजवून येतो, आणि बऱ्याचदा नुसतं वाजवूनच जातो. हा आला कधी तेच कळत नाही; थोड्या वेळानं आपण ओले आहोत एवढंच लक्षात येतं. तरी ब्रेमार हा म्हणे स्कॉटलंडातला कमी पावसाचा भाग. पश्चिमेच्या डोंगरांवर तीन हजार मिलिमीटरच्या पुढं पडतो आणि इकडं येईपर्यंत ढग रिते होतात. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो आणि आमच्या माण तालुक्याला वर्षाला जेमतेम पाचशे. फरक एवढाच की यांच्या 'कमी पावसा'त मी दोन वर्षं बाजरी काढली असती. थंडीचं मात्र विचारू नका. ब्रिटनचं नीचांकी तापमान, उणे 27.2 अंश, याच गावात दोनदा नोंदलं गेलंय, 1895 मध्ये आणि 1982 मध्ये. आणि असल्या गावात बापये उघड्या गुडघ्यांनी हिंडतात! मला सारखं हिच्या गुडघ्यांची आठवण येत होती.

मी घोंगड्याची खोळ केली, डोक्यावर घेतली आणि बसलो.

मैदानात एकाच वेळी सगळं चालू होतं. एका कोपऱ्यात पोरी जमिनीवर आडव्या-उभ्या टाकलेल्या दोन तलवारींवरून नाचत होत्या. तलवारीला पाय लागून ती सरकली की संपलं. दुसरीकडं रस्सीखेच. मधोमध पायघोळ दाढीवाले धिप्पाड गडी हातोडा फेकत होते. त्यांच्या बुटांकडं मी निरखून बघितलं. बुटाच्या टोकाला पुढं आलेलं लोखंडी पातं असतं. ते जमिनीत रोवायचं, पाय हलवायचे नाहीत, आणि दहा किलोचा हातोडा डोक्याभोवती गरागरा फिरवून मागं सोडून द्यायचा. त्यानंतर 56 पौंडांचं वजन, म्हणजे पंचवीस किलो, एका हातानं डोक्यावरच्या उंच दांडीपलीकडं फेकायचं. मी मनात हिशेब केला. युरियाचं पोतं सरकारनं पन्नासचं पंचेचाळीस केलं तेव्हा कुणाच्या पाठीसाठी केलं नव्हतं, पण या गड्यांपैकी एक जरी आमच्या सोसायटीच्या गोदामाला मिळाला असता तर ट्रक उतरवून घ्यायची हमाली वाचली असती. तेवढ्यात काही पोरं समोरच्या मॉरोन डोंगरावर पळत गेली. मी चांगलं लक्ष ठेवून होतो. पळत वर गेली आणि पळत खाली आली. सरपण नाही, चारा नाही, चुकलेलं मेंढरू नाही. रिकाम्या हातानं परत, आणि वर टाळ्या.

मन लागलं ते कॅबरला. कॅबर म्हणजे सोळा ते वीस फुटांचा झाडाचा सोट. चार जण तो उभा करून गड्याच्या खांद्याला टेकवतात. गडी बोटं गुंफून बुडाखाली हात घालतो, उचलतो आणि तो डुलता सोट सांभाळत पळत सुटतो. मग एकदम थांबून वर उसळवतो. सोटानं हवेत कोलांटी खाऊन शेंड्यावर आपटायचं आणि बूड पुढं, अगदी नाकासमोर, पडायचं. मला वाटलं होतं, लांब फेकेल तो जिंकेल. लांबीचा काही संबंधच नाही! सरळ पडला पाहिजे. घड्याळात बाराचा काटा असतो तसा. पंच गड्याच्या मागं पळत जाऊन काटा बघतो.

यातली एक जुनी रीत जावईबापूंनी सांगितली आणि माझा दिवस सार्थकी लागला. सोट फारच जड निघाला आणि कुणालाच उलटवता आला नाही, तर करवत आणून त्याचं टोक कापतात आणि पुन्हा सगळ्यांना संधी देतात. मी म्हटलं, "जावईबापू, पीककर्जाला ही रीत लावता येणार नाही का? तालुक्यात कुणालाच उचलेना म्हटल्यावर आणा करवत." शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं नातवाला विचारलं, तुझे आजोबा काय म्हणाले? नातवानं आइस्क्रीमचा हिशेब मनाशी करून भाषांतर केलं. म्हातारा इतका हसला की त्याच्या गुडघ्यावरची चादर खाली पडली.

आणि मग आमचं जुळलं. तो उत्तरेकडच्या सदरलंडचा. क्रॉफ्टर. क्रॉफ्ट म्हणजे डोंगरातल्या गरीब शेतकऱ्याचा लहानसा जमिनीचा तुकडा, बरोबर गायरानात चराईचा हक्क. तिकडं एक चेष्टा चालते: क्रॉफ्ट म्हणजे चारी बाजूंनी कायदेकानूंनी वेढलेली थोडीशी जमीन. मी नातवाला म्हटलं, त्यांना सांग, माझाही सातबारा असाच आहे, फक्त त्यावर चुलत्यांची नावंही आहेत.

त्यानं जे सांगितलं ते मैदानातल्या कुठल्याही खेळापेक्षा मला आत भिडलं. दोनशे वर्षांपूर्वी सदरलंडात जमीनदारांनी गावंच्या गावं उठवली. का, तर मेंढरांत पैसा जास्त होता. कुळं समुद्रकाठच्या खडकांवर ढकलली, कितीतरी लोक बोटीत बसून कॅनडाला गेले. कुळांना जमिनीवर राहायचा पक्का हक्क मिळाला तो 1886 च्या कायद्यानं. मी त्याला आमच्या कूळकायद्याचं सांगितलं, 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन वगैरे. सत्तर वर्षांचा फरक, पण दोन्हीकडं आजोबांची भांडणं नातू अजून लढतोच आहे. मग माझ्या डोक्यात एक किडा वळवळला. सरकारविरुद्धचं बंड जिथं मोडलं त्या कलोडनच्या लढाईनंतर 1746 च्या कायद्यानं डोंगरी लोकांना हा किल्ट, म्हणजे बापयांचा चौकडीचा घागरा, घालायला बंदी होती, ती 1782 ला उठली. 1848 मध्ये व्हिक्टोरिया राणी याच ब्रेमारच्या खेळांना आली, चार वर्षांनी बाल्मोरलची जहागीर विकत घेतली गेली, आणि किल्ट ही बड्या लोकांची फॅशन झाली. म्हणजे कूळ हाकललं आणि कुळाचा पेहराव तेवढा ठेवून घेतला. हे मी म्हाताऱ्याला सांगितलं नाही. तो स्वतः भारी किल्ट घालून राजाची वाट बघत होता. त्याच्या सणाच्या दिवशी मी कशाला बिब्बा घालू?

त्याऐवजी आम्ही मेंढरांवर आलो, आणि मेंढरांवर दोन शेतकरी कधीही तासभर काढतात. लोकरीचा भाव काय? तो म्हणाला, कातरणीचा खर्चसुद्धा निघत नाही. मी म्हटलं, हात मिळवा. आमच्याकडं दख्खनी मेंढीची लोकर उकिरड्यावर जाते. मग त्यानं विचारलं, मेंढ्याला जास्तीत जास्त काय येतं? मी छाती फुगवून सांगितलं, जतकडचा माडग्याळ मेंढा, पोपटाच्या चोचीसारखं नाक, लाखात जातो. तो शांतपणे म्हणाला, 2020 साली लॅनार्कच्या बाजारात टेक्सेल जातीचं एक कोकरू साडेतीन लाख गिनींना गेलं. तिथं जातिवंत जनावराची बोली अजून गिनीतच होते, एक गिनी म्हणजे एक पौंड पाच पेनी. जावईबापूंनी मोबाइलवर हिशेब केला: साडेतीन कोटी रुपयांच्या वर. मी छाती खाली उतरवली. लोकर उकिरड्यावर आणि कोकरू कोटीत, या हिशेबाला मान हलवण्यापलीकडं काय करणार?

एवढ्यात मागच्या रांगेतली एक बाई वाकून माझ्या घोंगड्याचा काठ चिमटीत धरून बघायला लागली. लेकीचा चेहरा पडला. घोंगडं ओलं होऊन चिंचोक्याच्या खळीचा वास सुटला होता. तो मला घरच्यासारखा वाटतो, पण आजूबाजूचे जरा सरकून बसले होते, हे मी बघितलं होतं. बाईनं अत्यंत आदरानं काहीतरी विचारलं.

"आजोबा, ती विचारतेय, हे कुठल्या घराण्याचं टार्टन आहे? तुमचा क्लॅन कुठला?"

इथं प्रत्येक घराण्याच्या चौकड्या ठरलेल्या असतात. काळ्यावर एकच पांढरी पट्टी तिनं कधी बघितली नव्हती. मी टोपी सारखी केली आणि सांगितलं, "माणदेश."

बाईनं गंभीरपणे मान हलवली आणि नाव वहीत लिहून घेतलं. म्हाताऱ्यानं त्यात भर घातली की पूर्वी त्यांच्याकडंही शिवलेला किल्ट नव्हताच. एकच लांबलचक लोकरी कापड कमरेला बांधायचं, उरलेलं खांद्यावर घ्यायचं, पावसात डोक्यावर ओढायचं आणि रात्री त्यातच गुरफटून डोंगरात झोपायचं. आमचा मेंढका वेगळं काय करतो? लेकीला म्हटलं, "बघ. आता त्या निळ्या रेनकोटाचं घराणं विचार त्यांना." ती काही बोलली नाही, पण घोंगड्याची एक बाजू हळूच स्वतःच्या खांद्यावर ओढून घेतली. गारठली होती पोरगी.

मधे जेवण झालं, त्यात सांगण्यासारखं विशेष नाही. हॅगिस म्हणजे मेंढीचं काळीज, फुप्फुस वगैरे ओटच्या भरडीत कालवून शिजवतात. त्याचा शाकाहारी अवतारही असतो, पण रांग बघून मी नाद सोडला. पिशवीत भाकरी होती.

तीनच्या सुमाराला पाइप बँड एकत्र होऊन मैदानात उतरले. शेकडो वादक, प्रत्येकाच्या काखेत पिशवी, खांद्यावर तीन नळ्या, आणि त्या नळ्यांचा कधीच न तुटणारा घुमारा. वाजवणारा श्वास घेतो तेव्हा काखेनं पिशवी दाबतो, म्हणून सूर खंडत नाही. हे वाद्य मला परकं नव्हतं. माझा चुलत भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीतून पेन्शनीत आला. बेळगावला त्यांच्या सेंटरला पाइप बँड आहे. जवळून ऐकलं की हा आवाज कानात शिरत नाही, बरगड्यांत शिरतो. अंगावर काटा आला. थंडीनं होता की बँडनं, ते सांगता येणार नाही.

आणि गाड्या आल्या. सगळं मैदान उठून उभं राहिलं. राजा-राणी मंडपात गेले, बँडनं राष्ट्रगीत धरलं, हजारो माणसं ताठ उभी. त्याच वेळेला घोंगड्याच्या आतून, माझ्या बंडीच्या खिशातून, टाळमृदंगासकट गजर उठला: "पुंडलिक वरदा हारी विठ्ठल!" भारतात तेव्हा संध्याकाळचे साडेसात. फोन धाकट्या भावाचा. रिंगटोन वारीत नातेवाइकांना ऐकू जावी म्हणून मीच सगळ्यात मोठ्या आवाजावर ठेवलेली. खोळीत हात घालतोय तर ओल्या लोकरीत बटण सापडेना. लेक डोळे मिटून उभी. शेवटी बोट कुठंतरी लागलं आणि फोन बंद व्हायच्या ऐवजी स्पीकरवर सुरू झाला.

"दादाऽऽ! लाईट आली, पण दोनच फेज हायत!"

राष्ट्रगीत चालू होतं. म्हातारा क्रॉफ्टर समोर बघत, ओठ न हलवता, नातवाला काहीतरी म्हणाला. नातवानं नंतर सांगितलं, "ते विचारत होते, काही वाईट बातमी नाही ना?" मी म्हटलं, सांग, नेहमीचीच आहे.

परतताना गाड्यांच्या रानाचा पार चिखल झाला होता. आमचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं आणि दिवसभरात पहिल्यांदा मला कुणाचीतरी गरज आहे असं वाटलं. जावईबापूंना म्हटलं, "ॲक्सिलेटर दाबू नका, दुसऱ्यात घ्या, क्लच हळू सोडा." चाकाखाली गवताची पेंढी सारली, घोंगडं लेकीकडं दिलं आणि मागनं खांदा लावला. तेवढ्यात एक तरणा गडी ट्रॅक्टर घेऊन आला. रान त्याच्याच घरचं. साखळी लावून त्यानं गाडी ओढून काढली, पैसे घेईना. मी नातवाला पुढं केलं: विचार, या गवताचं एवढं वाटोळं झालं, परवडतं कसं? तो गडी हसला. म्हणाला, वर्षातल्या या एका दिवसाचं पार्किंगचं भाडं गवतापेक्षा बरं पडतं, आणि पावसानं गवत परत येतं.

रस्त्याला लागल्या लागल्या मी धाकट्याला फोन लावला. तिकडं रात्र झाली होती, पण तो विहिरीवरच बसला होता, तिसऱ्या फेजची वाट बघत. म्हटलं, "ऐक. यात्रेच्या वाटेवरचं आपलं खालचं रान हाय ना, त्यात औंदा ज्वारी पेरू नको. गाड्या लावायला देऊ. इथं समदे तसंच करत्यात."

तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, गाड्या रानात जायला रस्ता नको व्हय? त्या रस्त्याची केस तहसीलात हाय. येत्या मंगळवारी तारीख हाय, आन् तू तिकडं राजा बघत बसलायस."